यवतेश्वरचा घाट आणि आम्ही चौघी

सातारा हे डोंगराच्या पायथ्याचे गाव. दक्षिणेला अजिंक्यतारा अगदी घरांच्या पाठीला पाठ लावून उभा, आणि पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर. अजिंक्यताऱ्यावर आणि चार भिंतीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांची वर्दळ असते. निवृत्त मंडळी, शुगरवाले, गुडघेवाले, सगळे तिकडे. यवतेश्वरकडे पायी जाणारे त्या मानाने थोडे. समर्थ मंदिराच्या चौकातून पुढे निघाले की बोगद्याजवळून कासचा रस्ता फुटतो आणि लगेच चढ लागतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे याच रस्त्याने गाडीत बसून कासची फुले बघायला जातात. एखाद्या वळणावर थांबून फोटो काढतात, भाजलेले कणीस खातात आणि पठार आले की घाट विसरून जातात.

आम्ही चौघी हा घाट गेली सात वर्षे पायांनी ओळखतो. कुठल्या वळणावर वारा अंगावर येतो, कुठे कठड्याच्या आतून पाणी झिरपते, कुठे रस्ता सपाट वाटतो पण मांड्या सांगतात की हा चढच आहे, हे आम्हाला डोळे मिटून सांगता येईल. गाडीतून जाणाऱ्याला घाट दिसतो. धावणाऱ्याला तो श्वासात मोजावा लागतो.

चौघी म्हणजे कोण, ते आधी सांगतो. दोघी उर्दू शाळेत शिकवतो. त्यांतल्या थोरल्या त्या आपा. तिसरी सरकारी दवाखान्यात नर्स, तिला सगळे सिस्टर म्हणतात म्हणून आम्हीही. चौथ्या भाभी, घरी शिवणकाम करतात. त्यांच्या मिस्टरांची बेकरी आहे. सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. शाळेत असताना आमच्यापैकी एकीनेही खेळात बक्षीस मिळवलेले नाही. आपा तर खेळाच्या तासाला वर्गात बसून भरतकाम करायच्या.

सुरुवात शुगरपासून झाली. आपांची शुगर वाढली, डॉक्टर म्हणाले रोज चाला. एकटीने चालायला संकोच, म्हणून सोबत आम्ही. फजरची नमाज घरी पढून बाहेर पडायचे आणि जवळच्या मैदानाला फेऱ्या मारायच्या. दोन महिन्यांत त्या गोल फिरण्याचा असा कंटाळा आला की सिस्टर म्हणाली, "कोल्हूचा बैलसुद्धा याच्यापेक्षा मजेत असेल." मग रस्ता धरला. रस्त्यावर विजेचे खांब असतात. एका सकाळी भाभींना काय वाटले कोण जाणे, त्या एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत धावल्या आणि उभ्या राहून हसायला लागल्या. का हसता, विचारले तर म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्यांदा धावले. तेही कुणी हाक न मारता."

मग एक खांब धावायचे, दोन खांब चालायचे. पंधरा दिवसांनी दोन धावायचे, दोन चालायचे. ही पद्धत आम्ही शोधली असे तेव्हा वाटत होते. नंतर कळले की जगभर नवख्यांना असेच शिकवतात. वेगाचे माप एकच: धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येईना, दोन शब्दांनंतर धाप लागली, म्हणजे वेग जास्त. चौघी बायका एकत्र असल्यावर हे माप फार अचूक लागते. वर्षभरात आम्ही न थांबता तासभर धावू लागलो. आपांची शुगर उतरली, औषध अजून चालू आहे; धावून औषध सुटते असे आम्ही कुणाला सांगत नाही.

पण धावण्याचे खरे कारण शुगर राहिले नाही. लोक विचारतात, यात मिळते काय? पैसे नाहीत, सोने नाही, उलट बूट झिजतात. खरे सांगायचे तर धावताना पहिली वीस मिनिटे काहीच मिळत नाही. अंग जड असते, पाय कुरकुरतात, घरच्या कामांची यादी डोक्यात फिरते. मग केव्हातरी ती यादी गळून पडते. पावले आपोआप पडू लागतात, श्वास त्यांच्या ठेक्याला लागतो, आणि आपण कुणाची आई, कुणाची सून, कुणाची मॅडम आहोत हे काही वेळ आठवत नाही. दिवसातून एवढाच एक तास असा असतो की आपल्याला कुणी काही मागत नाही.

सातारा हे धावणाऱ्यांचे गाव आहे, हे पहाटे उठणाऱ्यालाच कळते. साडेपाचला रस्त्यावर दुधाच्या गाड्या, पेपरवाले आणि भरतीची पोरे. आमच्याकडे पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना भरतीची पोरेच म्हणतात. जिल्ह्यात सैन्यात जाण्याची रीत जुनी. साताऱ्याजवळच्या एका गावाचे नावच अपशिंगे मिलिटरी आहे. देशातले पहिले सैनिक स्कूल 1961 साली साताऱ्यातच सुरू झाले. खेड्यांतून खोल्या करून राहिलेली ही पोरे स्वस्तातले बूट घालून अंधारात धावत असतात. पहिल्या वर्षी ती आम्हाला बघून बावरायची, रस्त्याच्या पलीकडे व्हायची. आता मागून येताना ओरडतात, "मावशी, डावीकडे घ्या!" त्यांच्यात मुलीही आहेत, आणि दर वर्षी वाढत आहेत.

याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. माण म्हणजे दुष्काळाचा मुलूख. ती आधी खो-खो खेळायची, मग लांब पल्ल्याला आली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांमध्ये 2012, 2013 आणि 2014 अशी सलग तीन वर्षे ती पहिली आली. 2016 साली रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. 1984 साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली भारतीय बाई म्हणजे आमच्या माणची ही मुलगी. वर्गात हे सांगितले की मुली आधी विचारतात, मॅडम, ती कुठल्या शाळेत होती? जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून कुणी इतके लांब जाते, हे त्यांना पडताळून पाहायचे असते.

घाटाकडे वळलो ते दुसऱ्या पावसाळ्यात. बोगद्याजवळ थांबून बुटांच्या नाड्या पुन्हा बांधायच्या, बिस्मिल्ला म्हणायचे आणि निघायचे. पहिला अर्धा किलोमीटर सगळ्यात वाईट. अंग तापलेले नसते आणि चढ तर समोर उभा. चढावर पावले आखूड टाकायची, नजर दहा-बारा पावलांच्या पुढे ठेवायची, वळण किती लांब आहे हे बघायचे नाही. खांदे कानांपर्यंत चढतात, ते आठवणीने खाली सोडायचे. हे सगळे आम्हाला भरतीच्या एका पोराने शिकवले, फुकट, चढता चढता.

तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर मागे वळून पाहिले की सातारा दिसते. आम्ही जन्मापासून या गावात. पण गाव असे खालून वर पाहिलेले, गल्लीतून पाहिलेले. वरून पहिल्यांदा नीट पाहिले ते धापा टाकत, कमरेवर हात ठेवून. पहाटेचे दिवे, मशिदींचे मिनार, देवळांचे कळस, राजवाड्याची कौले, एसटी स्टँडकडची हालचाल. भाभींनी बोट दाखवून स्वतःची गच्ची शोधून काढली. "ती निळी टाकी दिसते ना, ती आपली. खाली अजून सगळे झोपलेत." हे सांगताना त्यांच्या आवाजात जो आनंद होता तो चोरून आंबा खाणाऱ्या मुलीचा होता.

समोर अजिंक्यतारा. इतिहासाचा विषय शिकवणारी आमच्यातली एक तिथे थांबली की थोडे बोलतेच. 1700 साली औरंगजेबाने हा किल्ला घेतला आणि शहजादा आझमच्या नावावरून त्याचे नाव आझमतारा ठेवले. वेढा महिनोन्‌महिने चालला. तटाला सुरुंग लावले, त्यांतला एक उलटा उडून मोगलांचीच माणसे ढिगाऱ्याखाली गेली. पुढे ताराबाईंच्या काळात किल्ला परत आला आणि नाव अजिंक्यतारा झाले. आपल्या मुलांना हा इतिहास बऱ्याचदा एका चष्म्यातून ऐकवला जातो, मग ती शाळेत गप्प बसतात. घाटाच्या कठड्यावर बसून ऐकला की तो आपल्याच गावाचा इतिहास वाटतो, कारण समोर गाव असते आणि त्यात आपली निळी टाकी असते.

पावसाळ्यात घाट वेगळाच. धुके इतके दाट की पुढची मैत्रीण दिसत नाही, फक्त तिच्या बुटांचा चप चप आवाज. डोंगराच्या अंगाने पाण्याच्या धारा. दरड पडण्याचे भय असते, म्हणून रात्रभर मुसळधार झाला असेल तर आम्ही वर जात नाही, गावातच धावतो. साताऱ्याला प्यायचे पाणी याच डोंगरापलीकडच्या कासच्या तलावातून येते. पावसात भिजत वर जाताना आपा म्हणतात, "हे सगळे उद्या आपल्या नळाला येणार." भूगोलाचा तास याहून चांगला घेता येत नाही.

वर यवतेश्वराचे जुने देऊळ आणि गाव. तिथल्या चहाच्या टपरीवर आमचा विसावा. टपरीवरच्या आजींनी पहिल्या दिवशी आम्हाला आपादमस्तक न्याहाळले. डोक्याला घट्ट बांधलेले स्कार्फ, गुडघ्यापर्यंत कुर्ता, खाली ट्रॅक पँट, चिखलाने भरलेले बूट. "कुणाच्या गं तुम्ही?" सांगितले. "आणि पळत कशाला आला? कुणी मागं लागलंय का?" आम्ही नाही म्हटले तेव्हा त्यांना जास्तच काळजी वाटली. आता त्या आम्ही दिसलो की चार चहा टाकतात, त्यातला एक बिनसाखरेचा, न सांगता. श्रावणी सोमवारी देवाला अनवाणी चढून जाणाऱ्या बायकांची रीघ असते. अनवाणी पायांनी हाच घाट चढतात आणि आम्हाला म्हणतात, "तुम्हाला दम लागत नाही का?"

चढापेक्षा उतार फसवा, हे नव्या माणसाला पटत नाही. उतरताना दम लागत नाही, पण प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, ब्रेक दाबून धरल्यासारखा. त्याचे बिल दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी येते. पहिल्यांदा पूर्ण घाट उतरून आलो, तर पुढचे दोन दिवस जिना उतरताना कठडा धरून आडवे उतरावे लागले. नमाजेत सजद्यातून उठताना तर मांड्या असे काही बोलल्या की सिस्टरच्या सासूबाईंनी सलाम फेरल्यावर विचारले, "दुल्हन, पडली कुठे?" बोटे बुटाला पुढे धडकून अंगठ्याचे नख काळे पडते. धावणाऱ्यांचा हा दागिनाच. भाभींनी त्यावर ईदची मेंदी लावली आणि कुणाला कळू दिले नाही. बूट अर्धा नंबर मोठा घ्यावा, हा शहाणपणा चौघींनाही नख गेल्यावर आला.

कपड्यांविषयी बहिणी नेहमी विचारतात, म्हणून लिहितो. सुती ओढणी घामाने आणि पावसाने भिजली की मानेला ओझे होते, आणि टाचणी सुटली की टोचते. भाभींनी खेळाच्या जर्सीच्या पातळ कापडाचे, टाचणीशिवाय डोक्यात घालता येतील असे स्कार्फ शिवले. ट्रॅक पँटला चेनचा खिसा: त्यात चावी, दोन खजूर, पन्नासची नोट. अंधारात गाड्यांना दिसावे म्हणून पाठीवर चमकती पट्टी. सिस्टर घरापासून बोगद्यापर्यंत बुरखा घालून येते, तिथे घडी करून कंबरेच्या पिशवीत ठेवते. आपांनी मात्र पोटरीपर्यंतचा मोकळा गाऊन शिवून घेतला आणि त्यातच धावतात. ज्याचे त्याने ठरवावे. कुत्र्यांसाठी एक काठी, ती आळीपाळीने.

सुरुवातीला भाभींचे मिस्टर स्कूटरवरून मागे यायचे, दिवा लावून, पहिल्या गिअरमध्ये. दोन महिने आले. मग एके दिवशी म्हणाले, "तुम लोगां के पीछे मेरा पेट्रोल और नींद दोनों जाते." तेव्हापासून आम्ही मोकळ्या.

बोलणारे बोललेच. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी आपांच्या भावाला बोलावून विचारले की चाळिशी उलटलेल्या बायकांना हे काय सुचले. आपा रागावल्या नाहीत. त्यांनी भावाच्या हाती निरोप पाठवला, की चाचाजानना अबू दाऊदच्या संग्रहातली ती हदीस आठवत असेलच. हजरत आयेशा (रजि.) यांनी प्रवासात प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती आणि त्या जिंकल्या होत्या. पुढे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली तेव्हा हुजूर (स.) पुढे गेले आणि ही त्या शर्यतीची परतफेड, असे त्यांनी गमतीने सांगितले. चाचाजान पुन्हा काही बोलले नाहीत. मान्य झाले असे नाही. पण त्यानंतर रस्त्यात भेटले की सलामाला जवाब देतात.

आपा उमऱ्याला जाऊन आल्या तेव्हाची गोष्ट. सफा आणि मरवाच्या मधली सई म्हणजे सात खेपा, सगळे मिळून तीन किलोमीटरच्या पुढे. त्यांच्या वयाच्या बायका व्हीलचेअर शोधत होत्या, आपा चालून मोकळ्या झाल्या. हिरव्या दिव्यांच्या पट्ट्यात पुरुषांनी धावायचे आणि बायकांनी चालायचे, असा मसला आहे. त्या तशाच चालल्या. परत आल्यावर घाटात एवढेच म्हणाल्या, "पण तिथे पहिली जी धावली, ती एक आई होती, पाण्यासाठी."

रमजानमध्ये धावता का, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. रोजा आधी, धावणे नंतर. गेल्या काही वर्षांत रमजान मार्च-एप्रिलमध्ये आला, म्हणजे उन्हाचाच. तेव्हा घाट बंद. असरनंतर, इफ्तारला अर्धा-पाऊण तास असताना गावातच हळूहळू वीस-पंचवीस मिनिटे. घरी पोचेपर्यंत खजूर समोर यावी असा हिशेब. सिस्टर तरावीहनंतर गच्चीवर चालते. आपांना औषधे चालू असल्याने त्या महिनाभर फक्त चालतात, तेही डॉक्टरांना विचारून. महिना संपता संपता वाटते, सगळा दम गेला. शव्वालच्या दुसऱ्या आठवड्यात तो परत येतो, दर वर्षी येतो, तरी दर वर्षी भीती वाटते.

आता शर्यतीविषयी. साताऱ्यात 2012 पासून दर पावसाळ्यात हिल हाफ मॅरेथॉन होते. हाफ मॅरेथॉन म्हणजे 21 किलोमीटर आणि वर सुमारे 98 मीटर. पूर्ण मॅरेथॉन 42.195 किलोमीटर, हे अंतर 1908 च्या लंडन ऑलिम्पिकमधून आले आणि पुढे कायम झाले. आमच्या गावची ही शर्यत याच घाटातून: जाताना चढ, येताना उतार. 2015 साली अडीच हजारांहून जास्त लोक एकाच वेळी हा डोंगर धावले आणि गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. त्या दिवशी गाव रस्त्यावर येते. ढोल, लेझीम, शाळेची मुले, गॅलरीतून टाळ्या. आम्ही तीन वर्षे नुसत्या बघ्या होतो. चौथ्या वर्षी चौघींनी नाव नोंदवले.

शर्यतीचे वर्णन फार करत नाही. पाऊस होता. सगळे आपल्याला मागे टाकून जातात याची सवय होईपर्यंत यवतेश्वर आले. टपरीवरच्या आजी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून "आमच्या आल्या, आमच्या आल्या" म्हणून शेजारणीला सांगत होत्या. उतारावर सिस्टरच्या पोटरीत गोळा आला, ती थांबून पाय ताणून पुन्हा निघाली. गावात शिरलो तेव्हा शाळेतल्या मुली एका कट्ट्यावर उभ्या होत्या. त्या आमचे नाव घेऊन ओरडत नव्हत्या, शिक्षकांचे नाव कसे घेणार? "मॅ-डम! मॅ-डम!" असे ओरडत होत्या. दोन तास बावन्न मिनिटांनी चौघींनी एकत्र रेषा ओलांडली. पदक गळ्यात. कंदी पेढे भाभींच्या मिस्टरांनी आणले होते. आपांनी अर्धा खाल्ला आणि सगळ्यांनी तिकडे बघितले नाही.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वर्तमानपत्रात आमचा फोटो आला. चार स्कार्फ, चार पदके. आठवडाभर मुबारकबाद. त्यानंतर जे झाले ते लिहावे की नाही यावर आमच्यात बोलणे झाले, आणि भाभींनीच लिहा म्हणून सांगितले.

भाभींच्या थोरल्या मुलीच्या रिश्त्याची बोलणी सुरू होती, बरीच पुढे गेली होती. फोटोनंतर तिकडून फोन येणे थांबले. मध्यस्थ बाईंनी तोंडावर काही सांगितले नाही, दुसरीकडे बोलल्या, "मुलीची आई रस्त्यावर धावते म्हणे." रिश्ता त्याच कारणाने मोडला की देण्याघेण्यावरून, ते कुणाला ठाऊक. पण भाभी पुढच्या सोमवारपासून आल्या नाहीत. आम्ही बोगद्याजवळ दहा मिनिटे थांबलो, मग निघालो. विचारायला गेलो तेव्हा त्यांनी चहा केला, नवे स्कार्फ शिवून ठेवले होते ते दिले, आणि म्हणाल्या, "तुमच्यापैकी कुणाला मुलगी लग्नाची नाही." यावर बोलण्यासारखे काही नव्हते. मुलीचे लग्न वर्षभराने दुसऱ्या, चांगल्या घरी झाले. भाभी तरीही आल्या नाहीत. फजरला त्यांचा मिस्ड कॉल मात्र रोज येतो, कुणी झोपून राहू नये म्हणून.

शाळेत आम्ही हेच वेगळ्या रूपात रोज पाहतो. पाचवी-सहावीच्या मुली मैदानावर मुलांच्या पुढे धावतात. आठवीत त्याच मुली कडेला उभ्या, ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत. कुणी त्यांना धावू नको म्हटलेले नसते. धाव असेही कुणी म्हटलेले नसते. गेल्या दोन वर्षांपासून आम्ही आठवी-नववीच्या मुलींना शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मैदानावर नेतो, पुरुष शिक्षक गेटच्या बाहेर. एक फेरी धावा, एक चाला. पॅरिसमध्ये 2024 साली मॅरेथॉन जिंकलेल्या सिफान हसनची गोष्ट त्यांना सांगितली: इथिओपियातून पंधराव्या वर्षी निर्वासित म्हणून नेदरलँड्सला आलेली मुलगी. त्याच ऑलिम्पिकमध्ये तिने 5000 आणि 10,000 मीटरला ब्राँझ घेतले, मग मॅरेथॉनचे सुवर्ण, आणि ते पदक घ्यायला डोक्याला हिजाब बांधून उभी राहिली. मुलींनी फोटो मागितला. मोबाइलवर दाखवला तर एकीने आधी बूट बघितले.

साताऱ्याला कधी आलात तर कास जरूर पाहा. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारसा यादीत आले आहे. फुले पावसाळ्याच्या शेवटी येतात, तेव्हा आधी नोंदणी करावी लागते. पण एखादी सकाळ घाटासाठी ठेवा. धावायलाच हवे असे नाही, चालत या. रविवार टाळा, गाड्या फार असतात. बोगद्यापासून उजाडताना निघालात तर यवतेश्वराच्या टपरीवर पहिला चहा मिळेल.

भाभींची धाकटी नववीत आहे, आमच्याच शाळेत. या जूनमध्ये एका रविवारी भाभींचे मिस्टर तिला स्कूटरवर बोगद्याजवळ घेऊन आले. "इसकी अम्मीने भेजा," एवढेच म्हणाले. तिच्या डोक्याला आईने शिवलेला स्कार्फ, पँटला चेनचा खिसा, खिशात दोन खजूर. पहिला अर्धा किलोमीटर ती आमच्याबरोबर राहिली, आदबीने. मग तिसऱ्या वळणावर, आपांचे वाक्य पूर्ण व्हायच्या आत, ती पुढे निघून गेली. डोंगराच्या बाजूने चाल, गाड्या येतात, असे आम्ही तिघी मागून ओरडलो. धुके होते. तिच्या बुटांचा आवाज थोडा वेळ येत राहिला.